गिरगावातल्या फरशीवर कोकम सरबत

रॉटरडॅमला येऊन सात वर्षं झाली, पण मी नेमकं काय काम करते हे घरच्यांच्या अजून गळी उतरलेलं नाही. आईच्या लेखी मी 'बंदरात असते'. मामा सांगतो, "कंटेनर मोजते." प्रत्यक्षात कंटेनरला हात लावायची वेळ माझ्यावर येतच नाही. माझी जहाजं, क्रेन, ट्रक सगळं कॉम्प्युटरच्या आत. जहाज लागलं, क्रेन मोकळी झाली, ट्रक गेटवर आला, अशा एका घटनेवरून दुसरीवर तिथलं घड्याळ उड्या मारतं आणि बंदराचा अख्खा महिना काही मिनिटांत उरकतो. मग एक क्रेन काढून घ्यायची आणि तोच महिना पुन्हा.

यंदा गणपतीला गिरगावात मामाकडे होते. गौरी-गणपती गेल्यावर घर कसं ओकंबोकं झालं होतं. मामाने पुन्हा तोच प्रश्न काढला, तेव्हा म्हटलं, सांगत नाही, खेळूनच दाखवते.

'बिअर गेम' म्हणून खेळ आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या मंडळींनी बसवलेला. नाव ऐकताच मामीने देव्हाऱ्याकडे बघितलं, म्हणून आम्ही बिअरचं कोकम सरबत केलं. मामी दुकानदार, मामा घाऊक व्यापारी, मामेभाऊ वितरक, आई कारखानदार. क्रेट म्हणून कडवे वाल, प्रत्येकापुढे १२. दर आठवड्याला किती क्रेट हवेत त्याची चिठ्ठी मागच्याला द्यायची, बोलायचं नाही. माल यायला दोन आठवडे. गिऱ्हाईकाची चिठ्ठी फक्त मामीला दिसणार.

चार आठवडे मागणी ४ ची. पाचव्याला ८ झाली.

मामाचं तीस वर्षांचं किराण्याचं दुकान, त्यामुळे तो निवांत होता. नवव्या आठवड्यात त्याच्यापुढची फरशी रिकामी झाली आणि त्याने १६ लिहिले, पुढच्या वेळी २४. मामेभावाने मागे आधी ३० लावले, मग ४०. आईच्या हातात ती ४० ची चिठ्ठी पडली तेव्हा ती म्हणाली, "अगं, एवढं सरबत पितंय तरी कोण?" मग सगळा माल एकदमच येऊन थडकला. मामापुढे वालांचा ढीग, आणि चिठ्ठीवर सलग चार आठवडे शून्य.

शेवटी मी मामीच्या चिठ्ठ्या उघडल्या. ४, ४, ४, ४, आणि तिथून पुढे सगळे ८. गिऱ्हाईक एकदाच बदललं होतं.

"ही गप्प बसली म्हणून झालं!" मामा म्हणाला.

"बोलायचं नाही असं तुझ्या भाचीनेच सांगितलंय."

मामाचं अगदीच चूक नव्हतं. खालची मागणी वरपर्यंत दिसली तर गोंधळ कमी होतो. पण एमआयटीतलेच प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये याच खेळावरून दाखवलेली गोम वेगळी आहे: मागवलेला आणि वाटेत असलेला माल माणसं हिशेबात धरत नाहीत. मामाचे वाल त्याच्या आणि मामेभावाच्या मधोमध, डोळ्यांसमोर पडलेले होते. तरी त्याने पुन्हा मागवले.

लॅपटॉप काढून मी मामाचीच सवय सूत्रात घातली. आलेखावर तोच उंटाचा उंचवटा. मग एकच ओळ बदलली, मागवण्याआधी वाटेतला माल वजा करायची, आणि उंचवटा बराच बसला. वाट दोनाऐवजी एका आठवड्याची केल्यावर आणखी बसला.

मामा चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला. म्हणाला, "पण मी एकाच व्यापाऱ्याला कुठे सांगतो? श्रावणात माल कमी पडायला लागला की तेवढीच ऑर्डर चौघांना देतो. ज्याचा टेम्पो आधी येईल त्याचा माल घ्यायचा."

म्हणजे गिऱ्हाईक एक आणि वरती मागणी चौपट! पुस्तकात ही युक्ती मी वाचली होती, माझ्या मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक ऑर्डर खरीच होती.

"आणि बाकीच्या तिघांना नको म्हणून कधी कळवतोस?"

"त्यांचा फोन आला की."