भाडं येतं, मग पैसा जातो कुठे?

नागपूरच्या मनीषनगर-बेसा भागात टू बीएचके भाड्याने देणारे बरेच जण विचारतात : भाडं वेळेवर येतं, तरी वर्षाअखेरी हातात काही उरत का नाही? तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. मेंटेनन्स, प्लंबर, रंग, सगळंच महागलंय हे खरं. पण सगळ्यात मोठा खड्डा पडतो तो फ्लॅट रिकामा राहतो तेव्हा.

धरा, भाडं १५,००० आहे. ५ टक्के वाढवलंत तर वर्षाला ९,००० जास्त मिळतील. तेवढ्यासाठी चांगला भाडेकरू गेला आणि फ्लॅट महिनाभर बंद राहिला, तर १५,००० गेले. रंग आणि दलाली वेगळी. वेळेवर पैसे देणाऱ्याशी वाढीवरून फार ताणू नका.

दुसरं, ११ महिन्यांचा करार. त्याने नोंदणी टळते असा समज आहे. महाराष्ट्रात तसं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर भाड्याने देण्याचा करार, कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं.

शिवाय १ जूनला सुरू केलेला करार एप्रिलअखेर संपतो, पुढचा मार्चअखेर, त्यापुढचा फेब्रुवारीअखेर. नागपुरात बदल्या आणि कॉलेजच्या प्रवेशांमुळे घर शोधणाऱ्यांची गर्दी असते मे-जूनमध्ये, आणि तुमची तारीख दरवर्षी तिच्यापासून महिनाभर लांब जाते. त्यापेक्षा जूनपासून २४ महिन्यांचा करार करा आणि १३ व्या महिन्यापासूनची वाढ त्यातच लिहा. १५,००० नंतर १५,७५०, डिपॉझिट ४५,००० असेल तर एकूण भाडं ३,६९,०००. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांचं व्याज ९,००० मिळवून ०.२५ टक्के, म्हणजे मुद्रांक शुल्क ९४५ रुपये. नोंदणीचे १,००० दोन वर्षांतून एकदाच.

भाडं जमा झालं की त्याच दिवशी १,२५० वेगळ्या खात्यात टाका. वर्षाकाठी रिकाम्या महिन्याची सोय होते. घरटॅक्सचा बारावा हिस्साही तिथेच. डिपॉझिट एफडीत राहू द्या, ते परत द्यायचं आहे. ते खर्च झालं तर जुना भाडेकरू निघताना नव्याच्या डिपॉझिटची वाट बघावी लागते, तिथेच भांडणं होतात.

डागडुजीत आपल्याकडचा खास खर्च कूलरचा. बोअरच्या जड पाण्याने बॉल व्हॉल्व्हवर क्षार चढतात, तो नीट बंद होत नाही, टाकी रात्रभर वाहते आणि पाणी खिडकीखालच्या भिंतीत मुरतं. मे महिन्यातल्या उन्हात ओल लक्षात येत नाही. पावसाळ्यात आतून पोपडे सुटतात, तेव्हा प्लास्टरचा खर्च येतो. मार्चमध्ये कूलर लावतानाच व्हॉल्व्ह बदला, स्टँडचा उतार भिंतीकडे नसल्याचं बघा, आणि हे कोणी करायचं ते करारात लिहा.

खाली मालक, वर भाडेकरू असेल तर वीज मीटर वेगळं घ्या. एकाच मीटरवर दोन्ही घरांचे युनिट मिळून वरच्या, जास्त दराच्या स्लॅबमध्ये जातात आणि सबमीटरच्या हिशोबाने तो फरक वसूल होत नाही.

घरटॅक्स ३१ मार्चच्या आत भरा. आयकरात त्याची वजावट प्रत्यक्ष भरलेल्या वर्षातच मिळते, आणि ३० टक्क्यांची ठोक वजावट त्यानंतर उरलेल्या भाड्यावर.