एफच्या आधी

पावणेबारा वाजलेत. पंखा अजून बंदच आहे, लावायचं सुचलंच नाही.

दुपारी धाकटी गॅलरीत बाहुलीला निजवत होती आणि माझीच गिटारवरची धून गुणगुणत होती. छान सुरात. फक्त तिसऱ्या ओळीत एका जागी थबकली नि मग पुढे गेली. पुढच्या फेरीतही तिथेच. म्हटलं, अगं, मध्येच अडतेस कशाला? तर म्हणाली, "इथे थांबायचं असतं ना बाबा."

थांबायचं नसतं. तिथे सी कॉर्डवरून एफ कॉर्डवर जायचं असतं. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं, आणि ते मला बारा वर्षांत धड जमलेलं नाही, म्हणून हात कचरतो. पोरीने माझी खोट चाल म्हणून पाठ केली.

आणि नेमकी तीच खोट मी रविवारी रेकॉर्डिंगमधून काढून टाकली होती. अख्खा रविवार! माईक गिटारच्या दांड्यावरच्या बाराव्या पट्टीसमोर, म्हणजे फ्रेटसमोर, वीतभर लांब. गिटारच्या भोकासमोर धरला की नुसतं ढबढब. दुसरा माईक ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या पट्टीच्या बाजूला लावला, तर दोन्ही मिळून आवाज पोकळ. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, दोन माईकपर्यंत मागेपुढे पोचला की एकमेकांना खातो. शिवणाच्या टेपने मोजून मोजून सरकवला, शेवटी काढूनच ठेवला. भिंतीवर आईच्या दोन गोधड्या. त्या वरचे स्वर पितात, खालच्यांना दाद देत नाहीत. एची मोकळी तार ११० हर्ट्झची, आणि ही दहा फुटी खोली घुमते तीही तिथेच कुठेतरी. खुर्ची फिरवून कोपऱ्याकडे तिरकी केली तेव्हा जरा निवळलं. रेकॉर्डिंगची पातळी उणे बारा डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही. कुकरच्या शिट्ट्या चुकवल्या. मग स्क्रीनवर ती अडखळ दिसली, १८० मिलिसेकंद. कापली, जोडली, तालाच्या आखीव रेघांवर, ग्रिडवर, बसवली.

संध्याकाळी तिला तीच फाइल ऐकवली. ती सोबत गुणगुणायला लागली, त्या जागी मागे पडली आणि वैतागली. "गिटार घाई करतेय."

एवढंच झालं. मग मी जेवलो नाही नीट. कोण ऐकणार आहे हे? ज्याने ऐकावं त्याचीच तर गिटार ही. असो.

पण १८० मिलिसेकंद! इतक्यात डोळासुद्धा धड मिटून उघडत नाही. आणि ती पाचवं वर्षही न लागलेली पोर तेवढ्यासाठी अडून बसते.

बरं, परत घालावी म्हटलं, तर मूळ फाइल जागा करायला रविवारीच उडवलेली. म्हणून नऊपासून पुन्हा वाजवतोय. पहिल्यांदा ३१० मिलिसेकंद थांबलो. मग ९०. मग चक्क थांबलोच नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा एफ स्वच्छ लागला, तोही आज! अकराच्या सुमारास एकदा बरोबर १८० आले. ऐकलं. नाटकात विसरल्याचा अभिनय करतात तसं वाटलं.

आता हसू येतंय. चूक करायचा रियाझ करणारा मी एकटाच असेन.

साडेपाचला सोसायटीचा पंप सुरू होतो, त्याआधी एकदा बसेन. अर्धवट झोपेत बोट आपसूक कचरेल बहुतेक.