२४९ ग्रॅमला सगळं माफ नसतं: लोफोटेनमध्ये ड्रोन उडवण्याचा अनुभव

"२५० ग्रॅमच्या आतला ड्रोन घे, युरोपात कुणी विचारत नाही." निघण्याआधी हे मला निदान पाच जणांनी सांगितलं, दोन व्हिडिओंतही ऐकलं. त्यावर विसंबून मी नोंदणी न करताच नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर निघणार होतो. हे साफ चुकीचं आहे, म्हणून आधी तेच लिहितो.

युरोपियन संघाचे सध्याचे ड्रोननियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाले. नॉर्वे संघात नाही, पण नियम तेच पाळतो. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला ४० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा माफ आहे. कॅमेरा असेल तर नोंदणी मात्र करावीच लागते, आणि कॅमेरा नसलेला ड्रोन घेऊन लोफोटेनला कोण जातं? नोंदणी ड्रोनची नसते, उडवणाऱ्याची असते. बाहेरून येणाऱ्याने ज्या देशात पहिल्यांदा उडवणार तिथे ती करायची, मग तोच नंबर संघातल्या बाकी देशांतही चालतो. नॉर्वेसाठी 'फ्लायड्रोन डॉट नो' हे तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाचं अधिकृत पोर्टल आहे. तिथेच जा.

हे ठासून सांगतोय, कारण मी आधी भलतीकडे गेलो. शोधल्यावर सगळ्यात वर एक चकचकीत संकेतस्थळ आलं. 'युरोपियन ड्रोन परमिट, २४ तासांत.' घाईत पैसे भरले. दोन दिवसांनी एक पीडीएफ आली, त्यात मी स्वतः अर्ज कसा करावा याची माहिती होती! अधिकृत शुल्काच्या चौपट पैसे मी त्या पीडीएफसाठी मोजले. असं कुठलंही वेगळं 'परमिट' नसतं. ज्या संकेतस्थळावर त्या देशाच्या प्राधिकरणाचं नाव नाही, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका.

नोंदणीनंतर मिळालेला नंबर ड्रोनवर चिकटवायचा आणि रिमोट आयडीची (उडताना ड्रोनचा नंबर प्रसारित करण्याची) सोय असेल तर ॲपमध्येही भरायचा. नंबरामागे डॅश देऊन आलेली शेवटची तीन अक्षरं गुप्त असतात. ती ॲप मागतं, पण स्टिकरवर लिहायची नाहीत. मी लिहिली होती. बोडो शहरातल्या हॉटेलात रात्री बारा वाजता नखाने स्टिकर खरवडत बसलो, बाहेर लख्ख उजेड.

वजनाचंही तसंच. माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा, म्हणजे सूट मिळते ती जेमतेम एका ग्रॅमने. जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी लावली की ती गेलीच. फिल्टर, पंख्यांचे गार्ड, पाण्यावर उतरायचे फ्लोट, सगळं वजनात धरतात. मोठी बॅटरी घरी ठेवा किंवा परीक्षा देऊन या. परीक्षा कठीण नाही, ४० पैकी ३० बरोबर आले की झालं.

बॅटऱ्यांचं थोडक्यात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, छोट्या ड्रोनच्या बॅटऱ्या विशीच्या आसपास असतात. फक्त टोकांना चिकटपट्टी लावा. खरी गंमत छोट्या विमानात होते. वरच्या कप्प्यात जागा नाही म्हणून दारातच केबिन बॅग काढून घेतात आणि पोटात टाकतात. आत बॅटऱ्या आहेत हे त्या क्षणी आठवावं लागतं. त्यांची वेगळी छोटी पिशवी ठेवा, बॅग देताना तेवढी काढून घेता येते. वाटेत मोरोक्को किंवा इजिप्तमध्ये मुक्काम असेल तर ड्रोन नेऊच नका. मोरोक्कोत २०१५ पासून परवानगीशिवाय ड्रोन आत नेता येत नाही.

सेन्या बेटावरचे चार दिवस झकास गेले. हवा छान, माणसं कमी, सांगण्यासारखं काही नाही. आता रेनेब्रिंगेन.

रेने गावाच्या डोक्यावरचा हा डोंगर ४४८ मीटर उंच. वर जायला नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या १९७८ दगडी पायऱ्या आहेत. पायऱ्या सुरेख आहेत आणि गुडघ्यांचा जीव घेतात. गावातला अंदाज सेकंदाला ५ मीटर वाऱ्याचा होता. माझा ड्रोन १०.७ पर्यंत टिकतो असं माहितीपत्रक म्हणतं. वर पोचलो तर कड्यावर चक्क शांत, टोपीसुद्धा हलत नव्हती. मला वाटलं, नशीब.

मी आडोशाला उभा होतो हे मला कळलं नाही. वारा पाठीमागून, खुल्या समुद्राकडून येत होता, कड्यावरून उसळून पुढे फ्योर्डवर, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीवर, कोसळत होता. ड्रोन साठ-सत्तर मीटर पुढे गेला आणि कुणी शेपटी धरून ओढल्यासारखा फ्योर्डकडे निघाला. पडद्यावर जोरदार वाऱ्याचा इशारा आला. बॅटरी ६१ टक्के. मी घाबरून 'रिटर्न टू होम' दाबलं.

तिथेच चुकलो. 'रिटर्न टू होम' आधी ठरलेली उंची गाठतं, मग परत फिरतं. ती उंची मी ८० मीटर ठेवली होती. म्हणजे ड्रोन आणखी वर, थेट त्या प्रवाहाच्या तोंडात गेला. परतीचा वेग सेकंदाला एक मीटर, मधूनच शून्य. सात मिनिटं मी तो आकडा बघत होतो. ४८, ४१, ३३. शेजारी बसलेले दोघे सँडविच खात होते आणि मला त्यांचा राग येत होता, का ते सांगता येणार नाही.

शेवटी 'रिटर्न' रद्द केलं, स्पोर्ट मोड लावला आणि ड्रोन खाली आणून डोंगराच्या अंगाशी घेतला. तिथे वारा कमी होता. स्पोर्ट मोडमध्ये अडथळे टाळणारे सेन्सर बंद असतात, त्यामुळे कड्याजवळ हा जुगारच होता. शेवटचे चाळीस मीटर चढवताना बॅटरी दहाच्या खाली गेली आणि ड्रोन आपणहून उतरायला लागला. अशा वेळी डावी काठी पूर्ण वर दाबून धरली की उतरणं थांबतं आणि उजव्या काठीने पुढे आणता येतो. हे आधी वाचलं होतं म्हणून आत्ता ड्रोन माझ्याकडे आहे. ६ टक्क्यांवर हातात घेतला. बोट कापलं.

म्हणून डोंगरमाथ्यावर परतताना ड्रोनला समोरून वारा असेल तर 'रिटर्न'चं बटण विसरा. ड्रोन आधी जिकडून वारा येतोय तिकडे पाठवा, म्हणजे परत येताना वारा ढकलत आणेल. अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटरवरचा असतो, कड्यावरचा नव्हे. गावातले झोत सेकंदाला ७ मीटरच्या वर असतील तर ड्रोन बॅगेतून काढूच नका. बॅटरी ५० टक्के झाली की परत फिरा.

आणि हो, त्या दिवशी नियमही मोडला. १२० मीटरची मर्यादा म्हणजे तुम्ही उभे आहात तिथून १२० मीटर नव्हे. जमिनीच्या सर्वात जवळच्या बिंदूपासूनचं अंतर मोजतात, डोंगराचा उतारही त्यात आला. कड्यालगत राहिलात तर ठीक. सरळ फ्योर्डवर गेलात की पडदा शून्य दाखवत असतो आणि ड्रोन पाण्यापासून चारशे मीटरवर असतो. वाऱ्याने मोडायला लावला असं म्हणणं सोयीचं आहे, पण मीही तिकडेच न्यायला निघालो होतो.

पडदा काय दाखवतो यावर एकूणच जाऊ नका. पूर्वी काही ड्रोन विमानतळाजवळ उडायलाच नकार द्यायचे. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने युरोपात २०२४ मध्ये हे कुलूप काढून फक्त इशारा ठेवला. ड्रोन उडाला म्हणजे परवानगी आहे असं समजू नका. नॉर्वेत विमानतळापासून ५ किलोमीटरच्या आत परवानगी लागते, आणि लोफोटेनमध्ये लेकनेस व स्वोल्वेर दोन्हीकडे विमानतळ आहेत. अनेक राष्ट्रीय उद्यानांत ड्रोनला बंदी आहे, पायवाटेच्या सुरुवातीचा फलक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रवास चालू असतानाही नियम बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोन दिसल्यामुळे कोपनहेगन आणि ऑस्लोचे विमानतळ काही तास बंद पडले, त्यानंतर डेन्मार्कने शिखर परिषदेच्या आठवड्यात सगळे नागरी ड्रोन जमिनीवर ठेवले. तेव्हापासून लोक ड्रोनकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

हामनॉय गावातल्या लाल खोपटांसमोर एका आजींनी मला थांबवलं. आवाज चढला नव्हता. रोज सकाळी आमच्या न्याहारीच्या खिडकीसमोर कुणीतरी घिरट्या घालतो, एवढंच म्हणाल्या. मी तिथे उडवला नाही. तसेही तिथल्या पुलावरून फोनने फोटो चांगला येतो.

प्रवासविमा काढलाय म्हणून निश्चिंत होतो. परत आल्यावर पॉलिसी वाचली, 'उडणारी उपकरणं' वगळलेली. ड्रोनने कुणाला इजा झाली तर खर्च तुमच्या खिशातून. त्याचा विमा वेगळा काढावा लागतो आणि काही देशांत तो सक्तीचा आहे.

सगळ्यात चांगलं चित्रीकरण शेवटच्या सकाळी झालं, रेनेच्या धक्क्यावरून, चाळीस मीटर उंचीवरून, अकरा मिनिटांत. पायऱ्या नाहीत, वारा नाही.

मोस्केनेसहून बोडोला जाणाऱ्या फेरीच्या डेकवरून उडवायचा मोह होईल. बोट पुढे जात असते आणि ड्रोनच्या लेखी घर म्हणजे उड्डाणाची जागा, तिथे आता फक्त समुद्र असतो. मी तरी कर्मचाऱ्याला विचारलं. त्याने माझ्या बोटाच्या पट्टीकडे बघितलं आणि हसत मान हलवली.