खिडकीवर गेलेला महिना

गुजरातेत परमिटशिवाय पिणं हा गुन्हा. मग दारूचं दुखणं बडोद्यात चारचौघांत सांगायचं कसं? केसपेपरच्या खिडकीत उभा होतो, मागे वीसेक माणसं, त्यात एक आमच्या दांडिया बाजारातल्या गणपती मंडळातला. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "शुं तकलीफ छे, काका?" मी म्हणालो, "ऊंघ नथी आवती."

झालं. भलत्याच ओपीडीत गेलो, झोपेच्या गोळ्या घेऊन घरी. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच खिडकी. "विभाग बदलायचा तर पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा." ते डॉक्टर फक्त मंगळवारी. मंगळवारी गेलो तर रजेवर. पुढच्या मंगळवारी चिठ्ठी मिळाली, तर तिच्यावर शिक्का नाही! महिना गेला. त्या महिन्यात रोज रात्री क्वार्टर आणि वरून ती गोळी. दोन्ही एकत्र घेतली तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो, हे नंतर कळलं. खोटं मीच बोललो होतो, मान्य. तरी त्या खिडकीचा राग अजून गेलेला नाही. तिथे फक्त "मानसोपचार" एवढंच म्हणा, बाकीचं आत. ही युक्ती बायकोची.

आत सगळं सुरळीत. दहा प्रश्नांचा कागद दिला, जागतिक आरोग्य संघटनेचा. एका वेळी किती पेग? मी म्हणालो, "एखादा."

"अहो, क्वार्टरला एखादा म्हणतात का?" बायको म्हणाली.

१८० मिली म्हणजे तीस-तीसचे सहा. ४० पैकी माझे २३ भरले. २० किंवा त्याच्या पुढे व्यसन जडल्याची दाट शंका, पण शंकाच. निदान डॉक्टर बोलूनच करतात. (बरोबर घरचं माणूस न्याच, नाहीतर तो कागद आपल्यासारखाच खोटं बोलतो.) सहा खुणा असतात, वर्षभरात त्यातल्या तीन एकत्र दिसल्या की पुरे: तलफ, हात न आवरणं, तेवढ्याच नशेला जास्त लागणं, सोडली की थरथर, नुकसान दिसत असूनही पिणं, बाकीच्या आवडी सुटणं. पाच मुकाट कबूल केल्या. सहावीवर मात्र वाद घातला, माझ्या आवडी शाबूत आहेत म्हणून.

"पेटी वाजवायला शेवटची कधी काढलीत?" बायकोने विचारलं.

पेटी माळ्यावर आहे. तिच्यावर दिवाळीच्या कंदिलांचं खोकं आहे. किती वर्षं, ते मी मोजलं नाही.

हो, लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मी पेढे आणायला निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगला असला तरी व्यसन असतंच. आणि हे आधीच लिहायला हवं होतं: रोज पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. मला गोळ्यांच्या आधारानेच थांबवलं. पहिले चार दिवस चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला, आणि तरी बशीत सांडलाच.