१४ किलोंत गोल्फ: लॉर्ड हाऊ बेटाचा माझा अनुभव

लॉर्ड हाऊ या ऑस्ट्रेलियाच्या छोट्याशा बेटावर गोल्फ खेळून आले म्हटलं की लोक पहिल्यांदा कोर्स कसा आहे ते विचारतात. कोर्सचं सांगतेच, पण आधी वजनाचं ऐका. माझी सगळी चिडचिड तिथं झाली आणि ती अजून पुरती उतरलेली नाही.

राहण्याची जागा आणि तिकीट विनातक्रार मिळालं. बेटावर एका वेळी ४०० पर्यटकांनाच परवानगी आहे, म्हणून आधी खोली पक्की करा, मग विमान बघा. सिडनीहून जेमतेम दोन तास लागतात.

तिकिटावर लिहिलं होतं: चेक-इन सामान १४ किलो. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. बेटावरची धावपट्टी ९०० मीटरहून आखूड आहे, तिथं लहान विमानच उतरू शकतं. हवा बिघडली तर न उतरता माघारी यावं लागतं, त्यासाठी जादा इंधन भरलेलं असतं. मग कात्री लागते ती सामानाला. मला सगळं मान्य होतं. माझा प्रश्न साधा होता: गोल्फची बॅग या १४ किलोंत धरायची की वेगळी?

विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी बराच वेळ संगीत ऐकलं. मग एकीनं सांगितलं, खेळाचं सामान वेगळं धरतात, काळजी करू नका. हे ईमेलवर द्याल का विचारल्यावर तिनं फोन पुढं जोडून दिला. पुढचा म्हणाला, छे, सगळं मिळून १४. पुन्हा फोन केला तेव्हा तिसरंच उत्तर आलं: जागा असेल तर बॅग तुमच्याबरोबर जाईल, नाहीतर मागाहून येईल. मागाहून म्हणजे कधी? ते सांगता येत नाही म्हणे! मी सुट्टी संपवून घरी परतायचे आणि माझी बॅग तेव्हा बेटावर पोचायची. शेवटी ईमेल केला. उत्तरात माझे आभार मानले होते आणि नियमांच्या एका पानाचा दुवा दिला होता. त्या पानावर सर्फबोर्ड होता, सायकल होती, गोल्फही होतं, पण सगळं मोठ्या विमानांसाठी.

यात नवऱ्याचे बूट मध्ये आले. त्याला गोल्फशी काही देणंघेणं नाही, त्याला माउंट गोवर चढायचा होता. ८७५ मीटरचा डोंगर, वाटाड्याशिवाय जाता येत नाही, जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. त्याचे बूट दगडासारखे जड. "तुझ्या सगळ्या काठ्या सारख्याच दिसतात, त्यातल्या चार घे," हा त्याचा सल्ला.

मी वजनकाटा काढला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवली. नियमानं जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, चालतात. तो पूर्ण सेट, मोठी बॅग, चेंडू, बूट, छत्री धरून १२-१३ किलो सहज होतात, म्हणजे कपडे न्यायचेच नाहीत. हाफ सेट घेतला तर गणित बदलतं. हायब्रिड, ५, ७ आणि ९ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि चेंडू हळूच होलमध्ये ढकलायचा पटर, असे सातच क्लब. पातळ पेन्सिल बॅगेत हे सगळं चार किलोंच्या आसपास बसलं. एक चेंडू ४६ ग्रॅमचा, म्हणजे डझनाला अर्धा किलो. मी अर्धा डझनच घेतले. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब फटक्याचा क्लब, घरी ठेवताना जीवावर आलं, पण समुद्राकाठच्या त्या वाऱ्यात त्याची आठवण झाली नाही.

काउंटरवर बॅगा काट्यावर गेल्या. साडेतेराच्या थोडं वर. तिथल्या मुलीनं "गोल्फ?" एवढंच विचारलं आणि टॅग लावला. मला तिला मिठी मारावीशी वाटली. तर उत्तर हे: सगळं मिळून १४. फोनवर कोणी काहीही सांगो.

ज्यांना एवढी उठाठेव नको, त्यांना क्लबहाउसवर क्लब भाड्यानं मिळतात. डावखुरे असाल तर आधी विचारून घ्या. मला माझाच पटर हवा असतो, त्याला इलाज नाही.

बूट आणि क्लब घरूनच धुऊन न्या. स्पाइक्समध्ये अडकलेली माती मी जुन्या टूथब्रशनं काढली. बेटावरचे लोक याबाबत फार कडक आहेत, आणि का असू नयेत? १९१८ मध्ये मकाम्बो नावाचं जहाज किनाऱ्याला लागलं, त्यातून उंदीर उतरले आणि पाच जातींचे पक्षी कायमचे संपले. २०१९ मध्ये उंदीर संपवायची मोठी मोहीम झाली. मातीतून मुळं कुजवणारा रोग येतो, म्हणून पायवाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश असतात.

टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, लाकडी घ्या, प्लॅस्टिकच्या नकोत. इथले फ्लेश-फुटेड शिअरवॉटर पक्षी समुद्रातलं प्लॅस्टिक गिळतात आणि पिल्लांनाही भरवतात.

आता कोर्स. नऊ होल, एका बाजूला लगून, म्हणजे प्रवाळाआडचं उथळ समुद्राचं पाणी, दुसऱ्या बाजूला ७७७ मीटरचा माउंट लिडबर्ड सरळ उभा. पटिंग करताना मान वर गेली की लय जाते, म्हणून आधी पोटभर बघून घ्या. वुडहेन नावाचा न उडणारा तपकिरी पक्षी या बेटाशिवाय कुठंच नाही. १९७० च्या दशकाअखेर तीसच्या आसपास उरले होते, मग पैदास करून वाचवले. भीती म्हणून नाही त्यांना, बॅगेजवळ येऊन चोच मारतात.

बेटावर बहुतेक सगळे सायकलवरच फिरतात, हेल्मेट सक्तीचं. पेन्सिल बॅग पाठीला लावून मी सायकलवर आरामात गेले. मोठी बॅग असती तर ते जमलं नसतं. हिवाळ्यात बेटाचं घड्याळ सिडनीच्या अर्धा तास पुढं असतं, खेळायची वेळ ठरवताना ते धरा.

आणि परतीलाही तेच १४ किलो. ओले बूट काट्यावर चांगलेच भरतात, म्हणून शेवटचा राउंड निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच उरका आणि बूट उन्हात ठेवा.