दाखल नोंदवही मागून घ्या

सोलापूरच्या गिरण्यांवर प्रबंध लिहायला घेतला तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी गावातल्या एका जुन्या महाविद्यालयाचं ग्रंथालय सुचवलं. मी तिथला विद्यार्थी नाही. म्हणजे मॅडमचं पत्र, प्राचार्यांच्या नावे ग्रंथपालांमार्फत अर्ज, आधारची झेरॉक्स, आवक-जावकचा शिक्का. परीक्षांच्या गडबडीत सहीला वेळ लागला, असो.

संगणकावर ‘सोलापूर’ टाकलं तर मोजकीच पुस्तकं आली. ग्रंथपाल सर म्हणाले, “बारकोड लागलाय तेवढंच त्यात दिसतं. जुनं पाहिजे तर दाखल नोंदवही बघा.”

कापडी पाठीच्या जाडजूड वह्या. पुस्तक ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने एकेक ओळ: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, बिल, शेरा. सुरुवातीच्या किमती ३-८-० अशा, म्हणजे साडेतीन रुपये. १९५७ च्या एप्रिलनंतर आणे जाऊन नवे पैसे येतात. शेऱ्यात लाल शाईने ‘गहाळ’, नाहीतर ‘निर्लेखित’, म्हणजे संग्रहातून रीतसर काढून टाकलेलं. मी मात्र किमतीच्या जागी ‘भेट’ लिहिलेल्या ओळी धरून वाचत गेलो. विकत घेतलेली बहुतेक पुस्तकं अभ्यासक्रमाची. गावाची जुनी पुस्तकं कुणाच्या तरी घरातून आलेली. एका वकिलांचा अख्खा संग्रह एकाच तारखेला चढलाय. कायदा, संस्कृत, पुन्हा कायदा, आणि मधेच मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेचा, विसावा खंड, सोलापूर, १८८४. शेरा कोरा! म्हणजे खंड असायलाच हवा.

ग्रंथालयाच्या शिपाई मामांनी मागची खोली उघडली. “कुठलं शोधायलाव सर?” पुस्तकं विषयाच्या वर्गांकाप्रमाणे लावलेली; खंड इतिहासाच्या ९५४ मध्ये नव्हताच, भूगोलाच्या ९१५ मध्ये निघाला. सोलापूरची ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी १८७७ ची, म्हणजे हा खंड छापला तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची. शेजारीच विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांचे बांधीव गठ्ठे: आधी मुंबई, मग पुणे, १९६२ नंतर कोल्हापूरचं शिवाजी, २००४ पासून सोलापूर. कॉलेज जागचं हललं नाही, विद्यापीठं बदलत गेली.

पानं कडेने तुटत होती, त्यामुळे झेरॉक्सला सरांनी साफ नकार दिला. फ्लॅश बंद ठेवून मोबाईलवर फोटो चालतील म्हणाले, पण प्रत्येक फोटोपुढे दाखल क्रमांक टिपायचा.

कुणी जाणार असाल तर अर्जात नुसतं ‘संदर्भ विभाग’ लिहू नका. ‘दाखल नोंदवही व बंद कपाटे’ असं स्पष्ट लिहून सही घ्या, म्हणजे मागच्या खोलीसाठी पुन्हा प्राचार्यांकडे जावं लागणार नाही.