त्यांना ‘मुले’ म्हणण्याविषयी

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बैठकीत, परवा तर रक्त तपासायला गेले असता तिथल्या रांगेतही मला हाच प्रश्न विचारला गेला : “कोयते घेऊन गाड्या फोडणाऱ्या, माणसे मारणाऱ्या पोरांना तुम्ही अजून मुलेच कसे म्हणता?” बावीस वर्षे परिवीक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या घरची-दारची परिस्थिती तपासून, त्यांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे अहवाल मांडल्यावर या प्रश्नाचे उत्तर टाळण्याचा हक्क मला उरत नाही.

पुण्यातल्या कल्याणीनगरच्या मोटार अपघातात मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंते गेले आणि सतरा वर्षांच्या चालकाला काही तासांत जामीन मिळाला, सोबत तीनशे शब्दांच्या निबंधाची अट. तेव्हापासून या प्रश्नाला धार चढली आहे. तो आदेश मलाही झोंबला. मात्र सोळा वर्षांपुढच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवा, अशी जी मागणी होते, तिची वाट २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, अशा गुन्ह्यात मुलाची क्षमता आणि परिणामांची समज तपासून मंडळ त्याला बालन्यायालयाकडे, म्हणजे प्रौढांसारखा खटला चालवू शकणाऱ्या न्यायालयाकडे, पाठवू शकते. या तपासणीला प्राथमिक मूल्यांकन म्हणतात. कायदा मऊ आहे, असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा जवळून पाहावे.

मी पाहिले आहे. २०१८ साली वस्तीतल्या भांडणात एका तरुणाचा खून झाला. माझ्यासमोर आलेला मुलगा सोळा वर्षे आठ महिन्यांचा होता आणि घटनेच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल चालू ठेवून बसलेला होता. मूल्यांकनात मानसशास्त्रज्ञाची मदत घेण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा ठाम निर्णय २०२२ मध्ये आला. आमच्या वेळी माझा अहवालच पुरेसा मानला गेला. चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात, त्या निरीक्षणगृहातल्या लोखंडी टेबलापाशी मी त्याच्याशी अर्धा तास बोलले. तो सारा वेळ नखाने टेबलाचा हिरवा रंग खरवडत होता. “कोयत्याने माणूस मरतो, हे तुला माहीत होते ना?” असे मी विचारले, तो “हो” म्हणाला, आणि मी लिहिले : परिणामांची पूर्ण समज आहे.

हे उत्तर दहा वर्षांच्या पोरानेही दिले असते. मोटारसायकल बंद करून तू निघून गेला असतास, तर दुसऱ्या दिवशी वस्तीत तुझे काय झाले असते, हे मी विचारलेच नाही. त्याला बालन्यायालयात जन्मठेप झाली आणि एकविसाव्या वर्षी त्याची रवानगी येरवडा कारागृहात झाली. त्या वयाला सुधारणा पाहून सोडता येते, अशी तरतूद कायद्यात आहे. त्याच्या बाबतीत ती कागदावरच राहिली.

तेव्हाची मी म्हणेन की, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा आणि टेबलावर आणखी फायली पडलेल्या, अशा परिस्थितीत यापेक्षा अधिक काय करणार? ही सबब खरी आहे. पण त्या दिवशी मला घाई नव्हती, हेही खरे आहे. मला त्या मुलाचा राग आला होता.

गेल्या वर्षी त्याची आई घरी आली. संचित रजेच्या, म्हणजे कैद्याला काही दिवस घरी जाऊ देणाऱ्या रजेच्या, अर्जाला जामीनदार हवा होता. “मॅडम, तुमचे नाव टाकू का?” एवढेच तिने विचारले, माझ्या अहवालाविषयी ती अवाक्षरही बोलली नाही. घरी विचारून सांगते, असे मी म्हणाले. घरी विचारण्यासारखे कोणी नव्हते. चार दिवसांनी फोन केला, तोवर तिच्या भावाच्या मालकाने सही केली होती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, अर्ध्या तासाच्या बोलण्यावर कोणाचेही बालपण संपल्याचे ठरवू नये. एकविसाव्या वर्षीची फेरतपासणी मनापासून व्हावी. आणि ज्याच्यामागे शेतीवाडी नाही, त्याची रजा जामीनदारापायी अडू नये. हे मी कुठेही ठासून सांगते.

फक्त त्या मृत तरुणाच्या वडिलांना सांगू शकले नाही. ते मला मंडईत भेटले होते. “तिला भेटायला तरी जाता येते,” असे ते त्या आईविषयी म्हणाले. त्यांच्याशी बोलताना ‘मुले’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.